कुठंही लावा, भिडतोय

शाहू स्टेडियमच्या गॅलरीतल्या एखाद्या मुरलेल्या प्रेक्षकाला नुसतं छेडलं तरी पुरे, तो गोल सांगायला लागतो. खंडोबाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला बारला लागून आत गेलेला कुणाचा, पाटाकडीलच्या गोलीला मैदानावर झोपवून मारलेला कुणाचा, दिलबहार आणि प्रॅक्टिसच्या सामन्यात पाऊण मैदान पळून गेलेला कोण. तीन पिढ्यांचे फॉरवर्ड त्याला तोंडपाठ असतात. मग त्याला त्याच सामन्यांतल्या बॅकची नावं विचारावीत. तो थोडा थांबतो, शेजाऱ्याकडं बघतो आणि म्हणतो, "होता की एक, उंचापुरा." कोल्हापुरात गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात आणि त्याच्या डोक्यावर गुलालाची पिशवी रिकामी करतात. गोल अडवणाऱ्याच्या अंगावर जो गुलाल दिसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यावर टाकताना उडालेला असतो.

या गुलालाचं मूळ ठाणं शहराबाहेर, वायव्येला, जोतिबाच्या डोंगरावर. वाडी रत्नागिरीच्या पायऱ्या, भिंती, कमानी, सासनकाठ्या, सगळं त्याच एका रंगात बुडालेलं. चैत्र पौर्णिमेची यात्रा येते तेव्हा खाली शहरात फुटबॉलचा हंगाम ऐन भरात असतो. कुशिरे, पोहाळे, गिरोली या डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या गावांतली पोरं एका आठवड्यात दोन्हीकडं असतात: एकीकडं 'चांगभलं', दुसरीकडं आपल्या तालमीच्या नावाचा गजर. दोन्ही ठिकाणी घसा बसतो आणि कपडे धुवून निघत नाहीत.

अशा गुलालवेड्या मुलखातून एका बचावपटूचं कौतुक लिहायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला जाणं आहे. पण तो बचावपटू असा आहे, की ज्यानं २०१८ ते २०२५ या काळात भारतीय फुटबॉलमधल्या मोठ्या रात्रींना स्वतःच डोकं लावून निकाल काढला आहे. आणि तो मराठी आहे. मुंबईचा राहुल भेके.

जन्म ६ डिसेंबर १९९०. म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये पस्तीस वर्षं पूर्ण. बचावपटूचं वय आघाडीच्या खेळाडूपेक्षा थोडं हळू सरतं, तरी पस्तिशी ही पस्तिशीच. २०२५ मध्येही संघाच्या यादीत त्याचं नाव येत होतं. पण आता त्याच्याकडं बघताना मागचा हिशेब मांडावासा वाटतो, आणि तो निरोपाच्या भाषणांपर्यंत लांबवू नये. निरोपाच्या भाषणांत सगळेच खेळाडू सारखे होतात.

भेके ज्या मुंबईत वाढला तिथं एके काळी कंपन्यांचे संघ होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया. नोकरी आणि फुटबॉल एकाच पगारपत्रकावर चालायचं. एकेक करून हे संघ मिटले. महिंद्र युनायटेडनं २०१० मध्ये गाशा गुंडाळला. उरलेल्यांत मुंबई एफसी होता. कूपरेजवर खेळणारा, हात आखडता असलेला, आणि दरवर्षी आय-लीगमध्ये कसाबसा टिकून राहणारा संघ. २००९ पासून त्याचा प्रशिक्षक होता खालिद जमील. मोठी नावं विकत घेण्याची ऐपत नसलेल्या अशा संघात खेळाडूला एक गोष्ट लवकर कळते. आपली जागा कोणती, हा प्रश्न विचारायचा नसतो. आज उजव्या बाजूचा बॅक जायबंदी आहे, तू जा. उद्या स्टॉपरला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, मध्ये सरक. भेकेची शाळा ही.

कोल्हापूरच्या तालमींना यात नवल वाटायचं कारण नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांतून तालमी घुमायला लागल्या. पुढं त्याच तालमींच्या दारात फुटबॉल आला आणि तांबड्या मातीच्या शेजारी वसला. १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन हा कारभार बघते. पण मैदानावरचा संघ अजूनही गल्लीचाच असतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, संध्यामठ. नावातच पत्ता आहे. अलीकडं परगावचे आणि नायजेरियाचे खेळाडूही आले, हंगामापुरते पैसे आले. तरी गल्लीच्या संघाला एक असा गडी लागतोच, की जो सकाळी बॅक खेळतो आणि संध्याकाळच्या सामन्यात हाफला उभा राहतो, कारण हाफचा पोरगा परीक्षेला गेलाय. त्याच्याबद्दल बोलताना कौतुक फार होत नाही. "त्याला कुठंही लावा, भिडतोय," एवढंच म्हणतात. भेके हा त्या वाक्याचा राष्ट्रीय पातळीवरचा नमुना आहे.

मुंबईहून तो कोलकात्याला ईस्ट बंगालकडं गेला. इंडियन सुपर लीग (आयएसएल) नवी होती. वर्षातले काही महिने ती, उरलेले आय-लीग, अशा दोन घरांत खेळाडू विभागलेले. त्या काळात भेके २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्ससाठी खेळला, २०१६ मध्ये पुणे सिटीसाठी. दरवर्षी नवा गाव, नवा प्रशिक्षक, नवी रचना. २०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत आला आणि पहिल्यांदा एका जागी चार वर्षं टिकला. एका जागी म्हणजे एका क्लबात. मैदानावर तो तिथंही फिरताच होता. अल्बर्ट रोका यांच्या तीन बचावपटूंच्या रचनेत तो उजवीकडचा, पुढं कार्लेस कुआद्रात यांच्या चारच्या फळीत राइट बॅक, गरज पडली की मधला.

बेंगळुरूच्या प्रेक्षकांना त्याची आणखी एक खासियत कळली: थ्रो-इन. इतर खेळाडू चेंडू हातात घेऊन जवळच्या माणसाला देतात आणि मोकळे होतात. भेके शर्टाला हात पुसतो, चार पावलं मागं जातो, आणि चेंडू थेट गोलच्या तोंडाशी उतरवतो. बाजूरेषेवरचा थ्रो आणि कॉर्नर यांत मग फारसा फरक उरत नाही. बचावफळीला याचा दुहेरी ताप, कारण थ्रो-इनवर ऑफसाइड लागत नाही. आक्रमक अगदी गोलीच्या नाकासमोर उभा राहू शकतो. ज्याची जागा राइट बॅकची, त्याच्या हातात असं हत्यार असणं म्हणजे संघाला एक माणूस फुकट मिळाल्यासारखं. आपल्याकडच्या तालीम-फुटबॉलमध्ये थ्रो अजून पुष्कळदा चेंडू मैदानात ढकलण्यापुरता घेतला जातो. भेकेचे जुने सामने त्यासाठी तरी प्रशिक्षकांनी पोरांना दाखवावेत.

आता ते हेडर.

पहिला भुवनेश्वरचा. २० एप्रिल २०१८, कलिंग स्टेडियम, पहिल्या सुपर कपची अंतिम लढत. समोर ईस्ट बंगाल, भेकेचा जुना संघ. त्या हंगामातला त्यांचा प्रशिक्षक खालिद जमील, भेकेचा जुना गुरू. ईस्ट बंगालनं आघाडी घेतली. मध्यंतरापूर्वी भेकेनं डोक्यानं बरोबरी साधली. उत्तरार्धात सुनील छेत्रीचे दोन आणि मिकूचा एक, बेंगळुरू ४-१ नं जिंकलं. दुसऱ्या दिवशी सगळे मथळे छेत्रीचे, आणि ते बरोबरच. पण पिछाडीवर असलेल्या संघाला मध्यंतराला बरोबरीत नेऊन बसवणं हे काम किती मोलाचं असतं, ते ज्यानं एकदा तरी एका गोलनं मागं असलेल्या खोलीत चिडीचूप बसून लिंबू चोखलंय त्याला विचारावं.

दुसरा अंधेरीचा, आणि हा खरा. १७ मार्च २०१९. बरोबर वर्षभरापूर्वी, १७ मार्च २०१८ लाच, बेंगळुरूनं आपल्या घरच्या मैदानावर चेन्नईयनकडून २-३ नं आयएसएलचा अंतिम सामना गमावला होता. आता पुन्हा अंतिम फेरी, समोर सर्जिओ लोबेरा यांचा एफसी गोवा. त्या वेळचा देशातला सर्वांत देखणा खेळ करणारा संघ. सामना मुंबई फुटबॉल अरेनावर, म्हणजे भेकेच्या शहरात. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेच्या पहिल्या भागाच्या अखेरीस गोव्याचा अहमद जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. तरीही गोल नाही. पेनल्टी शूटआउटची तयारी मनातल्या मनात सुरू झालेली असताना, ११७ व्या मिनिटाला, दिमास देल्गादोचा कॉर्नर आला. गर्दीतून भेके उठला, चेंडू त्याच्या डोक्याला लागून खांबाला घासत आत गेला. १-०. बेंगळुरूचा पहिला आयएसएल करंडक, आणि तो मिळवून देणारा गडी त्या रात्री राइट बॅक होता.

त्या सामन्यात दुसऱ्या बाजूला, गोव्याच्या डाव्या बगलेवर, मंदार राव देसाई होता. म्हापशाचा हा खेळाडू सुरुवातीला विंगर म्हणून नावारूपाला आला आणि लोबेरांनी त्याला मागं ओढून लेफ्ट बॅक केलं. म्हणजे अंधेरीत एकमेकांसमोर जे दोघे उभे होते, त्यांतला एक मूळचा पुढचा, दुसरा मागच्या फळीत कुठंही खेळणारा. सहा महिन्यांनी हे दोघे एकाच फळीत होते, भारताच्या निळ्या जर्सीत.

भेकेचं भारतासाठी पदार्पण त्या जूनमध्ये, ५ तारखेला, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये कुरासावविरुद्ध झालं. भारत १-३ नं हरला. भेके तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. अठ्ठाविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात पहिली संधी, हे फार उशिराचं आहे, आणि त्याचं कारण त्याच्या गुणातच दडलंय असं मानायला जागा आहे. निवड समित्या आणि प्रशिक्षक जागेप्रमाणं यादी करतात. देशातला पहिल्या क्रमांकाचा राइट बॅक कोण, पहिल्या क्रमांकाचा स्टॉपर कोण? जो दोन्हीकडं चांगला, त्याचं नाव दोन्ही याद्यांत दुसरं-तिसरं येतं. एका जागेवर हक्क सांगणारा आत जातो आणि दोन जागा सांभाळणारा बाकावर बसून राहतो. हरहुन्नरी माणसाची ही जुनी रड आहे. सरकारी कचेरीपासून नाटक मंडळीपर्यंत कुठंही बघा.

१० सप्टेंबर २०१९ ला दोह्यात कतारविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना झाला. कतार तेव्हाचा आशियाई विजेता. छेत्री आजारी, संघात नाही. भारताची मागची फळी अशी: उजवीकडं भेके, मध्ये संदेश झिंगन आणि आदिल खान, डावीकडं मंदार. आदिलही मूळचा मध्यरक्षक, प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी त्याला स्टॉपर म्हणून उभं केलेलं. चारांतले तीन असे, की ज्यांची जागा कधी ना कधी बदलली होती. त्यांनी कतारला कोरडं ठेवलं. गोली गुरप्रीत सिंग संधूची ती रात्र, यात वाद नाही. पण ०-० हा आकडा एकट्या गोलीच्या हातून होत नसतो. उदांता सिंगचा एक फटका थोडक्यात हुकला, नाही तर त्या रात्री दोह्यात आणखी काही घडलं असतं.

या ठिकाणी थोडं मागं जायला हवं, कारण भारतीय फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या दिवसाचा नायकही असाच जागा बदललेला होता. १९६२ ची जकार्ता एशियाड. जर्नेल सिंग आशियातले नावाजलेले स्टॉपर. थायलंडविरुद्ध त्यांच्या डोक्याला मोठी जखम झाली, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना घरी पाठवलं नाही आणि मागंही ठेवलं नाही. पट्टी बांधलेल्या जर्नेल सिंगांना त्यांनी थेट सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ च्या विजयात एक गोल जर्नेलांचा, आणि ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम लढतीत पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा पुन्हा जर्नेलांचा. भारत २-१, सुवर्णपदक. मुंबईच्या टाटा संघाचे फोर्तुनातो फ्रँको त्या संघात हाफ होते. 'मैदान' चित्रपट २०२४ मध्ये आला तेव्हा नव्या पिढीला ही गोष्ट कळली. त्याआधी जर्नेल सिंग हे नाव कोल्हापुरात फक्त म्हाताऱ्या खेळाडूंच्या तोंडी असे. टाके पडलेल्या डोक्यानं हेडर मारायला जो माणूस धावतो, त्याच्या जागेचं नाव काय द्यायचं?

युरोपात या गुणाला जास्त मान आहे, हेही खरं. जर्मनीचा फिलिप लाम उजव्या पायाचा, पण २००६ च्या विश्वचषकातला पहिला गोल त्यानं लेफ्ट बॅक म्हणून खेळताना मारला. पेप गार्डिओला बायर्नमध्ये आले आणि त्यांनी त्याला मध्यात खेळवलं. २०१४ च्या विश्वचषकात कर्णधार लाम साखळीत मध्यरक्षक होता आणि उपांत्यपूर्व फेरीपासून पुन्हा राइट बॅक. कप उचलला आणि तिशीतच राष्ट्रीय संघाला रामराम केला. मँचेस्टर युनायटेडचा जॉन ओशे तर २००७ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर गोली जखमी झाला म्हणून ग्लव्ह्ज घालून गोलमध्ये उभा राहिला आणि एक गोल वाचवून बाहेर आला. ३१ ऑगस्ट २०२५ ला ब्रायटनच्या जेम्स मिल्नरनं मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टी मारली, एकोणचाळिसाव्या वर्षी. तो प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला ते २००२ साल होतं, आणि मधल्या काळात गोलीची जागा सोडली तर तो जवळपास सगळीकडं खेळला. कोल्हापुरात रात्री जागून हे सामने बघणारी पोरं मिल्नरचं नाव प्रेमानं घेतात. भेकेचं तितक्या प्रेमानं घेत नाहीत, ही तक्रार इथं नोंदवून पुढं जाऊ.

तिसरा हेडर रियाधचा. २०२१ मध्ये भेके मुंबई सिटीत आला होता. घरचं शहर, डेस बकिंगहॅम यांच्यासारखा तरुण प्रशिक्षक, आणि समोर एएफसी चॅम्पियन्स लीग. आशियातल्या या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटफेरीत एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब २०२१ मध्ये उतरला होता. त्यानं तीन सामने बरोबरीत सोडवले, जिंकला एकही नाही. ११ एप्रिल २०२२ ला मुंबईसमोर इराकचा एअर फोर्स क्लब होता. इराकी संघानं उत्तरार्धात आघाडी घेतली. दिएगो मॉरिसियोनं पेनल्टीवर बरोबरी केली. पाचेक मिनिटांत कॉर्नर मिळाला आणि भेकेच्या डोक्यावर आला. २-१. भारतीय क्लबचा या स्पर्धेतला पहिला विजय. आणि कॉर्नर कुणाचा? अहमद जाहूचा. अंधेरीत लाल कार्ड घेऊन ज्यानं भेकेच्या संघाची वाट मोकळी केली होती, तोच आता त्याच्या संघात होता.

त्या आठवड्यात जोतिबावर दोन वर्षांच्या खंडानंतर चैत्र यात्रेची धांदल चालू होती. कोरोनाच्या काळात बंद राहिलेला डोंगर १६ एप्रिलच्या पौर्णिमेला पुन्हा भरून गेला. रियाधच्या विजयाची बातमी त्या गुलालात कुणाच्या लक्षात राहिली असेल असं नाही. वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर आयपीएल होती. मुंबई सिटीनं पुढं आणखी एक सामना जिंकला, एक बरोबरीत ठेवला आणि सात गुणांसह गटात दुसरं स्थान मिळवलं.

मुंबई सिटीतली पुढची दोन वर्षं भरभराटीची. २०२२-२३ च्या हंगामात लीग शील्ड, सलग अठरा सामने न हरण्याचा विक्रम. २०२३ च्या शरद ऋतूत चॅम्पियन्स लीग पुन्हा, आणि या वेळी घरचे सामने महाराष्ट्रात: बालेवाडीत इराणचा नासाजी माझांदरान, नवी मुंबईत सौदीचा अल हिलाल. नेमार येणार म्हणून तिकिटांवर उड्या पडल्या. नेमार जखमी झाला आणि आलाच नाही. रियाधमधला सामना मुंबईनं सहा गोलांनी गमावला होता, नवी मुंबईत दोन गोलांनी. हे आकडे लपवण्यात अर्थ नाही. आशियातल्या श्रीमंत क्लबांसमोर आपली मागची फळी किती उघडी पडते ते त्या मोहिमेत दिसलं, आणि त्या फळीत भेकेही होता.

मग ४ मे २०२४. कोलकात्याचं सॉल्ट लेक, आयएसएलची अंतिम लढत, मोहन बागानचे हजारो प्रेक्षक, आणि मध्यंतरापूर्वी जेसन कमिंग्जचा गोल. मुंबईचा कर्णधार भेके. पेत्र क्रात्की यांच्या संघानं उत्तरार्धात तीन गोल करून ३-१ नं सामना फिरवला: पेरेइरा दियाझ, बिपिन सिंग, याकुब वोइतुश. भेकेचं नाव गोलांच्या यादीत नाही. करंडक मात्र त्यानंच उचलला. मुंबईच्या क्लबचा करंडक मुंबईच्या मराठी पोरानं उचलणं, याला फार मोठा इतिहास नाही. त्या फोटोत तरी गुलाल त्याच्या वाट्याचा होता.

त्यानंतर महिनाभरानं, ६ जूनला, त्याच मैदानावर छेत्रीचा निरोपाचा सामना झाला, कुवेतविरुद्ध. ०-०. भारताच्या बचावात मध्ये अन्वर अली आणि भेके, डावीकडं पुण्यात जन्मलेला जय गुप्ता. सगळं लक्ष अकरा नंबरच्या जर्सीवर असताना बाकीच्यांना आपलं काम करायचं होतं. छेत्रीच्या बाबतीत पुढं नाट्य घडलं. तो २०२५ मध्ये परतला. त्याची कथा वेगळी, तिच्यावर अंकच्या अंक निघतील.

चौथा हेडर हैदराबादचा. १८ नोव्हेंबर २०२४, मलेशियाविरुद्ध. गुरप्रीत पुढं धावून आला, चेंडू हुकला आणि मलेशियाला गोल मिळाला. ३९ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर भेकेनं बरोबरी केली. पदार्पणानंतर पाच वर्षांनी, चौतिशीला अठरा दिवस कमी असताना, भारतासाठी पहिला गोल. १-१. त्या पूर्ण वर्षात भारतानं एकही सामना जिंकला नाही, म्हणून तो गोल कुणी फार साजरा केला नाही. पाचवा चारच महिन्यांनी, १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये, मालदीवविरुद्ध. पुन्हा ब्रँडनचा कॉर्नर, पुन्हा भेके. भारत ३-० नं जिंकला, नोव्हेंबर २०२३ नंतरचा पहिला विजय. तिसरा गोल पुनरागमन करणाऱ्या छेत्रीचा. पुन्हा मथळा छेत्रीचा.

एव्हाना लक्षात आलं असेल, की हे सगळे गोल एकाच पद्धतीचे आहेत. यात नशीब किती आणि कसब किती? कॉर्नरवर उंच बचावपटू पुढं जातात, हे सगळेच संघ करतात. भेकेची उंची भारतीय मानानं चांगली, पण अफाट म्हणावी अशी नाही. त्याच्याकडं जे आहे ते वेळेचं भान. चेंडू उडतो तेव्हा तो बहुधा उभा असतो. गर्दी सरकते तशी तो उलट्या अंगानं मोकळी जागा गाठतो आणि शेवटच्या दोन पावलांत उडी घेतो. बॅक म्हणून आयुष्यभर फॉरवर्डच्या पावलांकडं बघितल्यावर त्या पावलांना चुकवायचं कसं, हेही अंगात मुरत असावं. खासबागेत जुने पैलवान म्हणत, समोरच्याचा डाव ज्याला आधी दिसतो त्याला स्वतःचा डाव शोधावा लागत नाही. भेकेचे कॉर्नर बघताना ते पटतं.

त्याचे उणे दिवसही आहेत. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया या तिघांकडून हरला, एकही गोल न करता. वेगवान विंगरसमोर राइट बॅक म्हणून त्याची दमछाक होते, आणि वय वाढलं तशी ती जास्त दिसू लागली; मध्ये सरकणं हा त्याच्यासाठी अनुभवाचा मान होता तसाच पायांना दिलेला आरामही होता. २०२४ मध्ये तो बेंगळुरूत परतला तो मुख्यतः स्टॉपर म्हणून. मार्च २०२५ मध्ये बेंगळुरूनं बाद फेरीत मुंबई सिटीला ५-० नं धुतलं, म्हणजे भेकेच्या नव्या-जुन्या घरानं जुन्या-नव्या घराला. १२ एप्रिलला अंतिम सामन्यात मात्र मोहन बागाननं जादा वेळेत २-१ नं हिशेब चुकता केला. चैत्र पौर्णिमेचा तोच दिवस. डोंगरावर सासनकाठ्या नाचत होत्या.

कोल्हापूरचा स्वतःचा राष्ट्रीय पातळीवरचा फुटबॉलपटू म्हणून अनिकेत जाधवचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच. २००० साली जन्मलेला हा पोरगा २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला होता, पुढं हैदराबादसोबत २०२२ चा आयएसएल करंडकही बघितला. त्याच्याही वाट्याला मधला फॉरवर्ड सोडून बगलेवर खेळणं आलं. तालमीतून निघालेल्या पोरांना व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेल्यावर बसणारा पहिला धक्का हाच असतो. गल्लीत नऊ नंबर घातलेला असतो, तिथं प्रशिक्षक म्हणतो, मागं ये. काही जण रुसतात आणि वर्षभरात घरी परततात. काही भेकेसारखे मागं येतात आणि चौदा-पंधरा वर्षं खेळतात. शाहू स्टेडियमवर गल्लोगल्लीचे समर्थक एकमेकांवर धावून जातात, हंगाम थांबवण्याची पाळी येते, यावर पुष्कळ लिहून झालंय. पण गॅलरी फक्त फॉरवर्डसाठी ओरडते म्हणून चांगले बॅक तयार होत नाहीत, यावर फारसं कुणी बोलत नाही.

२०२५ चा पावसाळा भारतीय फुटबॉलसाठी वाईट गेला. आयएसएल चालवणाऱ्या कंपनीचा फुटबॉल महासंघाशी असलेला करार डिसेंबरात संपणार होता आणि पुढचं ठरलेलं नव्हतं, म्हणून जुलैत लीगच लांबणीवर पडली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. विशीतल्या खेळाडूला असा एक हंगाम वाया गेल्याचं दुःख होतं. पस्तिशीतल्याकडं वाया घालवायला हंगाम नसतो.

अशा वेळी राष्ट्रीय संघाचा नवा प्रशिक्षक कोण आला? खालिद जमील. २०१२ नंतर पहिल्यांदाच भारतीय माणसाकडं हे काम आलं. ऑगस्टअखेर तो संघ घेऊन ताजिकिस्तानला काफा नेशन्स कपला गेला, पुरेशा सरावाशिवाय, काही क्लबांनी खेळाडू न सोडल्यानं अर्धामुर्धा. संघानं ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ नं हरवलं, इराणकडून तीन गोल खाल्ले, अफगाणिस्तानशी बरोबरी केली. इराणविरुद्ध झिंगनचा जबडा दुखावला आणि तो माघारी गेला. ८ सप्टेंबरला हिसोरमध्ये तिसऱ्या स्थानासाठी ओमानशी गाठ पडली. जादा वेळेनंतरही १-१, मग शूटआउट. अन्वर अली चुकला, उदांता चुकला. छांगते, जितिन आणि भेके यांनी पेनल्टी आत घातल्या, गुरप्रीतनं शेवटची अडवली, आणि भारत ३-२ नं जिंकला. मुंबई एफसीच्या काळातला प्रशिक्षक रेषेबाहेर, त्याचा जुना बॅक पेनल्टीच्या ठिपक्यावर.

ऑक्टोबर २०२५ च्या ९ आणि १४ तारखेला आशिया चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरशी दोन सामने होते, पहिला तिथं, दुसरा मडगावच्या फातोर्ड्यात. हे लिहिलं तेव्हा ते व्हायचे होते. भेके त्यांत खेळणार का, आणि खेळला तर खालिद त्याला उजवीकडं उभं करणार की मध्ये, हे कोल्हापूरच्या गॅलरीला तेव्हा ठाऊक नव्हतं. गोव्याला जाणारी गाडी आजऱ्यावरून आंबोली उतरते. डोंगरावरची चार पोरं तिकिटाचं जमवतायत असं ऐकिवात होतं. त्यांच्या बॅगेत गुलाल असणारच होता. तो कुणावर टाकायचा याबद्दल मात्र त्यांच्यात अजून एकमत झालेलं नव्हतं.